‘माझ्याकडे तर नीट चालतंय’ : मुक्त सॉफ्टवेअर बिघडलं की दुरुस्त कोण करतं?

साताऱ्याजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा मध्यंतरी रात्री साडेदहाला फोन आला. तिच्या जुन्या लॅपटॉपवर मीच लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त प्रणाली) घालून दिलं होतं, त्यामुळे तो बिघडला की आरोपी मीच. ती अपडेट करायला गेली आणि मशीननं इंग्रजीत एक ओळ फेकली. तिचा अर्थ साधारण असा : अडचण सुटत नाही, तुम्ही मोडकी पॅकेजेस अडवून धरली आहेत.

‘दादा, मी कुठे काय अडवून धरलंय? मी तर नुसतं अपडेट म्हटलं!’

या ओळीनं आजवर किती जणांना असंच कानकोंडं केलं असेल. विकत घेतलेली वस्तू बिघडली तर दुकानात जाऊन भांडता येतं. इथे दुकान कुठलं? पावती कुणाची? आणि तरीही या गोष्टी दुरुस्त होतात, रोज होतात, जगभर होतात. त्या कशा होतात, आणि कधीकधी का होत नाहीत, ते बघू.

## पॅकेज म्हणजे काय, आणि ते मोडतं म्हणजे काय

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे कुणीही वापरावं, उघडून वाचावं, बदलावं आणि पुढे वाटावं असं सॉफ्टवेअर. ते बहुतेकदा फुकट मिळतं, पण मुद्दा फुकटपणाचा नाही, मोकळीकीचा आहे.

असा प्रोग्रॅम लिहिणारा तो मूळ लेखक. तो जे लिहितो ते शेतातून आलेल्या धान्यासारखं असतं. तसंच्या तसं ताटात घेता येत नाही. ते निवडून, दळून, पुडी बांधून, पुडीवर ‘यासोबत काय काय लागेल’ हे लिहून देणारा माणूस वेगळा. त्याला मेंटेनर म्हणतात, पुडीला पॅकेज, आणि पुडीवरच्या त्या यादीला डिपेंडन्सी. अशा हजारो पुड्या एकमेकींशी जुळवून जो अख्खा बाजार मांडला जातो ती डिस्ट्रिब्युशन. डेबियन ही त्यातली जुनी आणि मोठी. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानं ती सुरू केली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची तेरावी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यात जवळपास ७० हजार पॅकेजेस होती. ती सांभाळणारे अधिकृत डेव्हलपर हजारभर. या कामासाठी डेबियन कुणालाच पगार देत नाही.

आता ‘मोडकं पॅकेज’. लग्न ठरवताना मुलीकडच्यांना मे महिन्यानंतरची तारीख हवी, मुलाकडच्यांना मेच्या आतली, आणि लग्न तर एकदाच लागणार. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र बसवता येत नाहीत. एका पॅकेजला एखादी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड, नवी हवी असते, दुसऱ्याला तीच जुनी. बऱ्याचदा वापरणाऱ्यानं काहीच अडवलेलं नसतं. ‘बेरीज जमत नाही’ एवढंच प्रोग्रॅमला सांगायचं असतं. भाषा मात्र पोलीस चौकीतली.

बहिणीच्या बाबतीत उत्तर पंधरा मिनिटांत सापडलं. दोन वर्षांपूर्वी प्रिंटर बसवताना त्या कंपनीच्या सूचनेप्रमाणे तिनं कंपनीचा स्वतःचा पॅकेज-साठा यादीत जोडला होता. म्हणजे बाजाराबाहेरची एक पुडी घरात आली आणि तिची यादी बाजाराशी जुळेना. ती ओळ काढली, ते पॅकेज अधिकृत आवृत्तीवर परत नेलं, संपलं. मोडक्या पॅकेजांच्या ज्या तक्रारी माझ्यापर्यंत येतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ असंच निघतं.

खरी गंमत आली ती तिच्या दुसऱ्या फोनमध्ये.

## बिघाड नेमका कोणाच्या दारात न्यायचा

सातवीच्या भूगोलाची प्रश्नपत्रिका. तिनं लिहिलं होतं ‘सह्याद्रीतील दऱ्या’. छापून आलं ‘सह्याद्रीतील दर्या’. मुलांनी सह्याद्रीत समुद्र शोधला असता.

मराठी माणसाला यातला फरक सांगायला नको. आचाऱ्यास आणि आचार्यास यांत स्वयंपाकघर आणि गुरुकुल इतकं अंतर आहे. पण ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला दोन्ही ठिकाणी ‘र’ आणि ‘य’ एकत्र दिसतात, म्हणजे सगळं ठीकच वाटतं. मराठी वापरणाऱ्यानं सांगितल्याशिवाय हा बिघाड दिसणारच नाही.

सांगायचं कुणाला? एक अक्षर कळफलकापासून कागदापर्यंत जाताना अनेकांच्या हातातून जातं. कळ दाबल्यावर कोणता संकेत उमटवायचा ते एक पॅकेज ठरवतं. ते संकेत साठवणारा लेखन-प्रोग्रॅम दुसरा. कोणता र कुठे चढवायचा, कुठे आडवा काढायचा हे ठरवणारा जोडाक्षरांचा कारागीर तिसरा. हार्फबझ हे त्याचं बहुतेक लिनक्सवरचं नाव. प्रत्यक्ष आकार देणारा फॉन्ट चौथा. आणि पीडीएफ बनवणारा पाचवा. पाच हात, आणि बहुतेकदा वेगळी पॅकेजेस, वेगळे मेंटेनर, वेगळे मूळ लेखक. नळाला पाणी नाही म्हणून तक्रार करायची, पण घरातली टाकी, गल्लीतला व्हॉल्व्ह की गावाचं जलशुद्धीकरण केंद्र, हेच ठाऊक नाही, अशी गत. लोक सवयीनं फॉन्टला शिव्या देतात, कारण फॉन्ट तेवढा डोळ्यांना दिसतो.

म्हणून दुरुस्तीचं पहिलं काम दुरुस्तीचं नसतंच. दार ओळखायचं असतं. डेबियनमध्ये आलेल्या प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो (ते दहा लाखांच्या पुढे कधीच गेले) आणि तिची तीव्रता सात पायऱ्यांपैकी एकीवर ठरते. सगळ्यात खाली नुसती इच्छा, सगळ्यात वर ‘यानं अख्खं यंत्रच बसेल’. वरच्या तीन पायऱ्यांवरच्या तक्रारी नव्या आवृत्तीची वाट अडवू शकतात. चुकीच्या दारात आलेली तक्रार मेंटेनर योग्य दाराकडे वळवतो. हे सगळं उघड्यावर चालतं. अडचणी लपवणार नाही, असं डेबियननं १९९७ मध्येच आपल्या सामाजिक करारात लिहून दिलं आहे. किती सरकारी खात्यांच्या नागरिक सनदेत हे वाक्य सापडेल?

## गॅरेजमध्ये नेली की आवाज बंद

स्कूटर घरी खडखडते. मेकॅनिकसमोर उभी केली की शहाण्या बाळासारखी चालते. ‘साहेब, काही नाही हो.’ सॉफ्टवेअरच्या जगात याच वाक्याचं रूप म्हणजे ‘माझ्याकडे तर नीट चालतंय’. हे वाक्य ऐकून माणूस दुखावतो. आपल्याला खोटं पाडलं असं वाटतं. पण बोलणारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. त्याच्याकडे खरंच नीट चालतंय. आणि जो आवाज ऐकूच येत नाही तो बंद कसा करायचा?

त्यामुळे मदत मागणाऱ्याचं मुख्य काम एकच : आपल्या घरातला खडखडाट दुसऱ्याच्या घरात वाजवून दाखवणं. ‘मराठी नीट दिसत नाही’ या तक्रारीवर कुणी काही करू शकत नाही. ‘अमुक प्रोग्रॅमच्या अमुक आवृत्तीत हा एकच शब्द टाइप केला, हा फॉन्ट होता, असं दिसायला हवं होतं, असं दिसलं, फाईल जोडली आहे’ ही तक्रार जर्मनीतल्या किंवा ब्राझीलमधल्या, एक अक्षर मराठी न येणाऱ्या माणसालाही पुरते.

कारण शोधण्याची रीत मात्र आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. चकली तेलात विरघळली तर शहाणी बाई भाजणी, मोहन, पाणी आणि आच चारही एकदम बदलत नाही. बदललं आणि जमलं, तर कशामुळे जमलं ते पुढच्या दिवाळीला कळणार नाही. ती त्याच पिठाचा छोटा गोळा घेते, फक्त मोहन कमी करते, एक चकली तळून बघते. एका वेळी एकच बदल. नवशिके नेमकं उलटं करतात : इंटरनेटवरून दहा आज्ञा उचलून एकामागून एक ठोकतात, आणि मग मूळ आजार कुठला आणि औषधानं झालेला कुठला हे वेगळं करणं अवघड होऊन बसतं.

कालपर्यंत चालत होतं आणि आज नाही, अशा बिघाडाला आणखी सोपी युक्ती आहे. दिव्यांच्या माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझते. इलेक्ट्रिशियन एकेक दिवा न तपासता मधोमध टेस्टर लावतो आणि निम्मी माळ निर्दोष सोडतो. मग उरलेल्या निम्म्याच्या मध्यावर. प्रोग्रॅममध्ये हजार बदल झाले असतील तर या रीतीनं दहा फेऱ्यांत गुन्हेगार बदल सापडतो. त्यासाठी कोड वाचता यायलाच हवा असं नाही. ‘चाललं’ किंवा ‘नाही चाललं’ एवढं प्रत्येक फेरीत सांगता आलं की झालं.

## ‘अंदाजे मीठ’ नको

पण दुसऱ्याच्या घरात तंतोतंत तोच खडखडाट वाजवणं इतकं अवघड का? कारण दोन मशीन सहसा सारखी नसतात. आजीची पुरणपोळी आपल्याकडे तशी होत नाही, कारण तिच्या पाककृतीत ‘अंदाजे’ हा शब्द चार वेळा येतो.

यावर काही जणांनी मुळापासून विचार केला. एल्को डॉल्स्त्रा यांच्या निक्स या प्रकल्पातून ही कल्पना आली. २००६ मधला त्यांचा पीएचडीचा प्रबंध त्यावरच होता. २०१२ मध्ये लुडोविक कुर्तेस यांनी तोच धागा घेऊन ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रकल्पात गीक्स सुरू केलं. इथे पॅकेजची पाककृती ग्रॅमपर्यंत मोजलेली असते : कोणता कोड, कोणत्या साधनानं बांधला, ते साधन कशानं बांधलं, अगदी खालपर्यंत. या सगळ्यावरून एक लांबलचक ठसा काढतात आणि पॅकेज त्या ठशाच्या नावानं ठेवतात. एक कण बदलला की ठसा बदलतो, म्हणजे ती वेगळीच वस्तू झाली. जुनी आवृत्ती पुसली जात नाही. नवी बिघडली तर एका आज्ञेनं मागच्यावर परतता येतं. ते लग्नाच्या तारखेचं भांडणही मिटतं, कारण दोन्ही पक्षांना आपापली लायब्ररी शेजारी-शेजारी ठेवता येते.

मदत मागण्यावर याचा मोठा परिणाम होतो. गीक्सला विचारलं की तू नेमका कोण, तर ते आपल्या सगळ्या पाककृतींचा एक खूण-क्रमांक सांगतं. तो क्रमांक मदत करणाऱ्याला दिला की तो ‘टाइम मशीन’ नावाच्या आज्ञेनं आपल्या घरी तीच पॅकेजेस उभी करतो. ‘माझ्याकडे चालतंय’ म्हणायची सोयच बरीचशी संपते. बरीचशीच. हार्डवेअर वेगळं असेल तर वेगळं वागणार, जुन्या आवृत्त्या डिस्कवर जागा खातात, आणि शिकायला हे सोपं नाही. बहिणीच्या लॅपटॉपवर मी डेबियनच्याच घरातलं काही घातलं, ते यासाठीच.

## सहकार्य असूनही घात होतो का?

होतो. २००६ मध्ये डेबियनमध्ये ओपनएसएसएल या पॅकेजवर काम चालू होतं. माहिती कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्ल्या बनवणारी ही लायब्ररी. व्हॅलग्राइंड नावाचं तपासणी-साधन तिच्यातल्या काही ओळींवर सारखं कुरकुरत होतं. मेंटेनरनं मनानं काही केलं नाही. मूळ प्रकल्पातल्या लोकांना विचारलं, त्यांना तो प्रश्न तपासणीपुरता वाटला, हरकत कुणी घेतली नाही. ओळी काढल्या गेल्या. कुरकुर थांबली. आणि किल्लीचा अंदाज कुणाला येऊ नये म्हणून तिच्यात यदृच्छा मिसळणारा मसालाच त्या ओळींबरोबर गेला. उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मशीन देतं तो क्रमांक, जो जास्तीत जास्त ३२,७६८. पाच आकडी कुलपाला याहून जास्त शक्यता असतात.

जवळजवळ दोन वर्षं डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूवर अशा किल्ल्या तयार होत राहिल्या. लुसियानो बेलो या डेबियन डेव्हलपरनं ते शोधलं आणि १३ मे २००८ ला जाहीर झालं. जगभरच्या लोकांना किल्ल्या नव्यानं कराव्या लागल्या. इथे कोणी खलनायक नाही. दोघांच्या बोलण्यात एक प्रश्न राहून गेला : ‘हे काढून तुम्ही नक्की काय करणार आहात?’

पहिल्या कुरकुरीनंतर अठरा वर्षांनी तेच व्हॅलग्राइंड पुन्हा कुरकुरलं. या वेळी एकानं ते नीट ऐकलं.

## अर्धा सेकंद

मार्च २०२४. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड आपल्या चाचण्यांसाठी डेबियनची कच्ची आवृत्ती वापरत होते. तिचं नाव सिड. एका कार्टूनपटातल्या खेळणी मोडणाऱ्या पोरावरून ठेवलेलं. दूरच्या मशीनवर लॉगिन व्हायला त्यांना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता. अर्धा सेकंद! आपण चहाचा घोट घेतला असता. त्यांनी माग काढला. काही आठवड्यांपूर्वी व्हॅलग्राइंडनं दिलेली एक विचित्र तक्रारही त्यांना आठवली. धागा पोचला एक्सझेड या फाईल दाबून लहान करणाऱ्या पॅकेजपाशी, आणि तिथे निघालं चोरदार. २९ मार्चला त्यांनी ते उघड केलं.

लॉगिनचा प्रोग्रॅम मुळात एक्सझेड वापरतच नाही. काही डिस्ट्रिब्युशननी सोयीसाठी त्याला एक जोड दिली होती, त्या जोडीला दुसरी लायब्ररी लागायची, आणि तिला एक्सझेड. चोर शेजाऱ्याच्या शेजाऱ्याच्या गच्चीतून आला. शिवाय चोरदार बसवणारी कळ सगळ्यांसमोरच्या कोडमध्ये नव्हती. प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातच तेवढी घातली होती.

हे करणारा ‘जिया टान’ नावानं वावरणारा माणूस, किंवा माणसं. त्यानं दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला. एक्सझेडचा मूळ लेखक एकटा होता, बिनपगारी होता, आणि मानसिक आरोग्याच्या तक्रारींमुळे काम रेंगाळतंय हे त्यानं उघडपणे लिहिलं होतं. त्याच काळात काही अनोळखी नावं येऊन ‘इतका उशीर का, दुसऱ्याला हक्क द्या’ असा तगादा लावत होती. शेवटी हक्क दिले गेले.

या प्रकरणावर बरंच लिहिलं गेलं ते तांत्रिक कसबाबद्दल. मला त्यातला तगादा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दमलेला मेंटेनर हाच या साखळीतला बिघाड होता, आणि त्याची नोंद करायला कुठल्याही यादीत रकाना नव्हता.

डेबियनच्या पक्क्या आवृत्तीपर्यंत ते पोचलं नाही. नवं पॅकेज आधी सिडमध्ये जातं, काही दिवस गंभीर तक्रार आली नाही तर चाचणी आवृत्तीत, आणि पक्क्या आवृत्तीत थेट पुढच्या प्रकाशनाला. ‘डेबियनमध्ये सगळं जुनं मिळतं’ म्हणून आपण नाकं मुरडतो, ती ही चाळणी.

## ‘फुकट आहे, मग जबाबदार कोण?’

कायद्यानं जवळजवळ कोणीच नाही. परवान्यातच ‘हमी नाही’ असं लिहिलेलं असतं. पण विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना कधी शेवटपर्यंत वाचून बघा. तिथेही फार काही पदरात पडत नाही. इथे फरक इतकाच की बिघाड, त्यावरची चर्चा आणि दुरुस्ती तिन्ही समोर दिसतात. मेंटेनर गायब झाला तर दुसरा कोणी त्याच्या वतीनं दुरुस्त पॅकेज चढवू शकतो, त्याची ठरलेली पद्धत आहे. पैसे देऊन आधार विकत घेण्याची सोयही आहे, आणि मोठ्या संस्थांनी ती घ्यावीच.

## ‘मग उत्तरं इतकी तुसडी का असतात?’

काही वेळा माणसंच तुसडी असतात, त्याला इलाज नाही. पण एक ओळीचं उत्तर म्हणजे अपमान नव्हे. दिवसभराची नोकरी करून रात्री अकराला वीस तक्रारी बघणारा माणूस ‘आवृत्ती कोणती?’ इतकंच लिहितो. त्यानं ‘आणखी माहिती हवी’ अशी खूण लावली तर तक्रार फेटाळली असं नाही. चेंडू आपल्याकडे आलाय. पुष्कळ तक्रारी तिथेच मरतात, कारण मागणारा रुसून निघून जातो.

## ‘मला कोडिंग येत नाही, मी काय करणार?’

हाच प्रश्न बहिणीनं केला. मी तिला एक सांगितलं : ‘दऱ्या’ हा एकच शब्द नव्या फाईलमध्ये, जमतील तितक्या वेगळ्या रीतींनी टाइप कर आणि बघ.

पुढच्या रविवारी तिचा मेसेज आला. हा आडवा र दोन रीतींनी उमटवता येतो : त्यासाठीचं वेगळं ‘ऱ’ अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडणारा संकेत टाकून. पहिल्या रीतीनं तिच्या दऱ्या छापताना दऱ्याच राहत होत्या. दुसऱ्या रीतीनं पडद्यावर दऱ्या, आणि पीडीएफमध्ये दर्या. म्हणजे फॉन्ट निर्दोष. तो न दिसणारा संकेत पीडीएफ बनताना कुठेतरी गळत होता. पाच दारांपैकी चार तिनं दुपारच्या जेवणाआधी बंद केली होती.

दोन्ही शब्दांची दोन ओळींची फाईल जोडून तिनं तक्रार पाठवली, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. तिसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं : फॉन्ट बदलूनही असंच होतं का?

‘बघून सांगते,’ असं तिनं कळवलंय. सध्या पेपर तपासणी चालू आहे.